तंबाखू मळून होईपर्यंत

ही हकीकत सांगायचं मी फार वर्षं टाळलं आणि टाळायला दर वेळी नवं कारण शोधलं. नोकरीत होतो तोवर नोकरी हेच कारण होतं. निवृत्त झालो, मग मुलीचं लग्न, मग बायकोचं आजारपण, मग माझे डोळे. आता डोळ्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. दिसतं स्वच्छ. आणि समोर टेबलावर ते पुस्तक आहे, त्यामुळे कारणं संपली.

पुस्तक कुरिअरने आलं. भोरच्या आमच्या गल्लीत एवढं जड पाकीट पूर्वी कधी आलं नसावं. आणणारा म्हणाला, "आजोबा, फरशी मागवली काय?" फरशी नव्हती. ट्रकला जोडायचे ट्रेलर बनवणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन कंपनीचा तो इतिहास होता. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. त्या कंपनीचा एक कारखाना पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूरजवळ होता आणि तिथे मी तपासणी खात्यात आयुष्य काढलं. आमच्या कारखान्याला पुस्तकात एक पान मिळालंय. त्या पानावर दोन गोष्टी लिहिल्यात. ट्रेलरच्या मुख्य बीमला आगीने कमान देण्याची पद्धत त्यांच्या इंजिनिअरने भारतातल्या मुक्कामात शोधली, ही एक. आणि आमच्याकडे एकदा काही बीम तडकले, ते स्थानिक कामगाराने नीट काम न केल्यामुळे, ही दुसरी.

दोन्ही खोटं आहे. ते पान मी पुन्हा वाचलं. चहा तसाच निवला. पण मला राग फक्त त्यांचाच आला असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. कारण या दोन्ही खोट्या गोष्टी ज्या कागदामुळे टिकल्या, त्यावर सही माझी आहे.

ती पद्धत विंझरच्या एका वेल्डरची होती. मी इथे त्यांना 'ते' म्हणणार आहे. कारखान्यात मी त्यांना 'अरे' म्हणायचो. ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे होते, मी भोरच्या पोथी-पुस्तकाच्या घरातला, ते वेल्ह्याच्या वाटेवरच्या बौद्धवस्तीतले. मी पदविकावाला आणि ते गॅसवाले. 'अरे' तोंडात आपोआप यायचं आणि त्यात काही चुकतंय असं मला कोणी कधी म्हटलं नाही. त्यांनीही नाही.

कंपनीची गोष्ट आम्हाला प्रथम सांगितली तिकडून आलेल्या इंजिनिअरने. उन्हाने त्याची मान इतकी लाल व्हायची की शेडमध्ये सगळे त्याला 'तांबडा साहेब' म्हणत. माणूस वाईट नव्हता. कॅन्टीनमध्ये आमच्याबरोबर बसायचा, मिसळ खाऊन नाक पुसायचा. त्याने सांगितलं की मालकांच्या आजोबांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गव्हाच्या शेतकऱ्यांसाठी गाडे बनवायला सुरुवात केली. मग ट्रॅक्टरचे गाडे, मग ट्रकचे. मग तिकडच्या वाळवंटातून एका ट्रकमागे तीन-तीन ट्रेलर जोडून नेऊ लागले. मैलोन् मैल माणूस नाही, वळण नाही. आजोबांचा फोटो आमच्या कॅन्टीनमध्येही लावला होता. कातडी एप्रन, हातात हातोडा. आमचे लोक त्या फोटोला दसऱ्याला हार घालत. खंडेनवमीला मशीन पुजताना त्यालाही गंध लावत. तांबड्या साहेबाला ते फार आवडायचं, त्याने त्याचे फोटो काढून घरी पाठवले. त्यातला एक पुस्तकात आहे.

तर गोष्ट बीमची. ट्रेलरखाली दोन लांब बीम असतात, सगळा भार त्यांच्यावर. ते सरळ बनवले तर माल भरल्यावर मधे खाली वाकतात. म्हणून आधीच त्यांना मधोमध थोडी वरच्या बाजूला कमान द्यायची, म्हणजे माल भरला की बीम सरळ होतो. तिकडे हे काम एक प्रचंड प्रेस करायची. आमच्याकडे प्रेस नव्हती, नकाशे फक्त आले होते. शिवाय बीमसाठी नवीन पत्रा आला होता, हलका आणि ताकदीचा, आणि तो वेल्डिंग केल्यावर कुठेही मुरडायचा. पहिले बीम पाहून तांबडा साहेब डोकं धरून बसला.

विंझरच्या वेल्डरनी तरुणपणी एका ठेकेदाराकडे धरणांच्या लोखंडी दारांची दुरुस्ती केली होती. वाकलेलं दार आगीने सरळ करायला ते तिथे शिकले. त्यांनी बीमच्या दोन टोकांना सूत ताणून बांधलं, खडूने जागोजाग त्रिकोण काढले आणि गॅसची ज्योत एकेका त्रिकोणात फिरवली. त्रिकोण लाल झाला की ज्योत बाजूला. मग थांबायचं. मग ओलं गोणपाट. लोखंड तिथे आखडतं आणि सगळा बीम हळूहळू उचलला जातो. दुपारपर्यंत सूत आणि बीम यांच्यात हवी तेवढी फट पडली. मी मोजपट्टी लावली. नकाशात होतं तेवढंच.

थांबायचं ते किती, यात सगळी कला होती. ज्योत बाजूला केली की ते कमरेची पिशवी काढत, तळहातावर तंबाखू घेत, चुना लावत, मळत, दोन थापट्या मारून धूळ उडवत आणि चिमूट गालात सोडत. एवढं झालं की गोणपाट. जुन्या पत्र्याला एवढं थांबावं लागत नसे, ते त्यांनीच मला सांगितलं.

"ह्यो पत्रा रागीट हाय साहेब. लाल आस्ताना पानी मारलं तर आतनं कडक व्हतो. आज दिसनार न्हाई, फुडं तडकंल. राग उतरू द्यायचा."

बाकीचे वेल्डर त्यांना हसायचे. "आता ऑस्ट्रेलियाला ह्याची तंबाकू पार्सलनं धाडावी लागंल," एकजण म्हणाला. ते शांतपणे म्हणाले, "धाडा की. चुना तेवडा हितलाच घ्या."

तांबडा साहेब पाहायला आला. बीमशेजारी उकिडवा बसला, फोटो काढले, दहा प्रश्न विचारले. मधे मी, दुभाषा. शेवटी त्याने विचारलं, आगीनंतर पाणी लावायच्या आधी हा माणूस किती वेळ थांबतो? मी त्यांना विचारलं. त्यांनी तळहात पुढे केला आणि मळून दाखवलं.

"नीट सांगा त्यास्नी. तंबाकू मळून, तोंडात टाकून व्हईस्तवर. ह्येच म्हत्त्वाचं हाय."

कारखान्यात तंबाखूला बंदी होती. दारावर तशी पाटी होती, आणि ती मीच लिहून घेतली होती. आता परदेशी माणसासमोर, इंग्रजीत, आमचा कारखाना लोखंडाचं तापमान तंबाखूवर मोजतो हे मी कसं सांगणार होतो? मला लाज वाटली. त्यांची वाटली की माझी, हे आता वेगळं करता येत नाही. मी सांगितलं, तो थोडा आराम करतो. साहेबाने मान हलवली आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात मला त्या पद्धतीची शीट लिहायला सांगितली. शीट म्हणजे काम कसं करायचं याचा कागद, पायरीपायरीने. मी ती इंग्रजीत आणि मराठीत सुंदर लिहिली. सूत, खडू, त्रिकोणाची मापं, ज्योत किती लांब, सगळं. 'तयार करणार' या शब्दापुढे माझं नाव आणि सही. त्यांचं नाव लिहायला त्या छापील कागदावर जागाच नव्हती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. जागा होती. समासात होती. आणि थांबण्याच्या पायरीत मी एवढंच लिहिलं: तापवल्यानंतर ओल्या गोणपाटाने थंड करावे.

मराठी शीट भिंतीवर लागली त्या दिवशी ते माझ्या टेबलाजवळ आले. त्यांना वाचता चांगलं येत होतं. घरी पुस्तकं होती.

"साहेब, समदं बराबर लिवलंय. तंबाकू तेवडी ऱ्हायली."

"अरे, बंदी आहे तंबाखूला. शीटवर कशी लिहू?"

"मग मिनटं लिवा. घड्याळ लावून मोजा म्या करताना."

"मोजतो," मी म्हणालो. "या आठवड्यात मोजतो."

त्या आठवड्यात मोजलं नाही. पुढच्याही नाही. घड्याळ माझ्या मनगटावर होतं आणि ते काम करत होते ती जागा माझ्या टेबलापासून चाळीस पावलांवर होती.

मग मोठी ऑर्डर आली. त्यांना दुसऱ्या शेडमध्ये टाकलं आणि कमान द्यायच्या कामावर ठेकेदाराची माणसं आणली. ती माणसं भिंतीवरची शीट वाचून काम करायची. शीटमध्ये लिहिलं होतं तसंच त्यांनी केलं. तापवलं, आणि लाल असतानाच ओलं गोणपाट टाकलं. कोणीही तेच केलं असतं. मीही केलं असतं, माझीच शीट वाचून.

काही महिन्यांनी खंबाटकी घाटाच्या चढाला आमचा एक ट्रेलर मधोमध मोडून बसला. ड्रायव्हर वाचला, माल रस्त्यावर गेला. मग आणखी दोन बीमना तडे सापडले. सगळे तडे खडूच्या त्रिकोणांपाशी.

चौकशी मॅनेजरच्या खोलीत झाली. पुण्याचे मॅनेजर, फोनवर तांबडा साहेब, खुर्चीत मी, आणि दाराशी उभे ते. त्यांना बसायला सांगितलं नव्हतं. तडकलेल्या एकाही बीमला त्यांचा हात लागला नव्हता. पण पद्धत त्यांची, म्हणजे दोषही त्यांचा. एवढ्या दिवसांत ती पद्धत त्यांची आहे असं त्या खोलीत पहिल्यांदाच कोणीतरी मोकळेपणाने म्हणालं. मॅनेजरच्या गालात पान होतं, हेही लिहून ठेवतो.

मॅनेजरनी मला विचारलं, "पाणी कधी मारायचं, हे यानं तुम्हाला सांगितलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

एवढंच. यावर मला पुढे कोणी शपथ घ्यायला लावली नाही, कागद मागितला नाही. माझा शब्द पुरला. माझ्यासारख्याचा पुरतोच. मॅनेजरनी दाराकडे पाहिलं. "काय रे, काय म्हणणं आहे तुझं?"

ते माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. एखादा जोड कुठून सुटलाय ते बघावं तसे.

"साहेब म्हनत्यात तर आसंल," ते म्हणाले.

त्याच महिन्यात त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. आणि शीटमध्ये एक ओळ वाढवली गेली, की तापवल्यावर ठरावीक मिनिटं थांबावं. मिनिटं मी मोजली. दुसऱ्या वेल्डरला समोर बसवून, तंबाखू मळायला लावून, दार बंद करून, घड्याळ लावून. त्या दुरुस्तीबद्दल मला शाबासकी मिळाली. वर तीन आठवडे ऑस्ट्रेलियाला पाठवलं.

तिकडे कंपनीच्या शेडमध्ये एक तरुण इंजिनिअर मला बीमशेजारी घेऊन गेला आणि अभिमानाने दाखवू लागला, बघा, प्रेसशिवाय कमान देण्याची आमची नवी पद्धत. सूत, खडू, त्रिकोण. किती थांबायचं ते कळायला त्यांच्याकडे एक खास खडू होता, ठरावीक गरमीला वितळणारा; टेकवून वितळला नाही की पाणी. शेजारी तांबडा साहेब हसत उभा होता. माझ्या अंगाची आग झाली. चोरी करून वर चोरीचा माल दाखवतायत, असं वाटलं. मी म्हणालो, फार छान. आपल्याकडून गेलेला माल आधी मीच पळवलेला होता, हे मला विमानात बसल्यावर सुचलं. भोरला परत आल्यावर इथल्या मंडळींनी माझा सत्कार केला. ती शाल अजून कपाटात आहे. वापरली नाही आणि कोणाला दिलीही नाही.

त्यांनी विंझरला रस्त्याकडेला वेल्डिंगचं दुकान टाकलं. गेट, खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. वेल्ह्याच्या रस्त्याला आजही भाताची पोती भरून ट्रॉल्या जातात, त्यातली त्यांच्या हातची कुठली ते मला लांबून ओळखू येतं. रिकामी ट्रॉली मधे किंचित उचललेली असते. भरली की सरळ होते. ट्रॉलीला इतकं कोण करतं? ते करायचे.

दुकानावरून मी किती वेळा गेलो याचा हिशोब नाही. दोनदा उतरलो. पहिल्यांदा ते म्हणाले, "या साहेब, बसा," आणि स्टूल पुसून दिलं. मी पावसापाण्याचं बोललो आणि गेट करायचंय असं काहीतरी सांगितलं. गेट खरंच करून घ्यावं लागलं. आमच्या दाराला आहे ते. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांचं वय दिसत होतं. त्यांनी तंबाखू सोडली होती, डॉक्टरांनी सोडायला लावली. मी म्हणालो, "मग आता थांबता कसे?"

ते हसले. "आता मनात मळतो."

तेव्हा सांगता आलं असतं. विषय तोच होता, आम्ही दोघेच होतो. मी चहा संपवला आणि एस.टी. पकडली.

मग कंपनीची ई-मेल आली. आम्ही इतिहास काढतोय, जुन्या लोकांनी आठवणी पाठवाव्यात. मला वाटलं, हीच वेळ. मी पाच पानं लिहिली. पद्धत कोणाची, शीट कोणाची, तंबाखूची गोष्ट मी का गाळली, चौकशीत मी काय खोटं बोललो, सगळं. त्यांचं पूर्ण नाव, गाव, तालुका. तिकडून दोन ओळी आल्या, आभारी आहोत, मोलाची माहिती. आणि मी स्वतःला आणखी एक कारण दिलं. नुसती तोंडी माफी मागायला कशाला जायचं? पुस्तक हातात आलं की घेऊन जाऊ, छापलेलं नाव दाखवू, आणि मग बोलू.

पुस्तकाच्या आधी ते गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी विंझरला गेलो. घरापुढे मांडव, बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी त्यांचा फोटो. वंदना झाली. मग लोक एकेक करून दोन शब्द बोलायला उठले. कोणी त्यांनी शाळेचं फाटक फुकट करून दिल्याचं सांगितलं, कोणी त्यांच्या ट्रॉलीचं. माईकवरच्या माणसाने मला पाहिलं आणि म्हणाला, "कंपनीतले साहेब आल्यात, त्येंनी बोलावं." जे बोलायचं ते लिहून घडी केलेला कागद माझ्या खिशात होता. मी उठलो. म्हणालो, ते अत्यंत कुशल आणि शिस्तप्रिय कामगार होते, त्यांच्या जाण्याने मोठी पोकळी निर्माण झाली आहे. लोकांनी माना खाली घातल्या आणि मी जागेवर येऊन बसलो. खुर्चीवर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने माझ्या हातावर हात ठेवला. त्याला वाटलं, मला दुःख झालंय.

महिन्याभराने पुस्तक आलं. माझ्या पाच पानांतलं कंपनीने काय घेतलं, तर शेवटी आभाराच्या यादीत माझं नाव. विंझरच्या वेल्डरांचा फोटो मात्र आहे. बीमवर वाकलेले, तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा, आणि खाली छापलंय: स्थानिक कामगार, भारत. ज्यांच्या आजोबांच्या तसबिरीला आमच्या माणसांनी हार घातले, त्यांना आमच्या एका माणसाचं नाव छापायला चार अक्षरांची जागा झाली नाही. मी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की कंपनीच्या दप्तरात जो कागद आहे त्यावर आपलीच सही आहे आणि दुसऱ्या कोणा कामगाराचं नाव नाही, त्यामुळे दप्तराच्या विरुद्ध जाता येत नाही. सभ्य पत्र होतं. त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता, म्हणून ते दोनदा फाडावंसं वाटलं.

पुस्तक घेऊन मी विंझरला गेलो. त्यांच्या पत्नी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी फोटो दाखवला. त्यांनी मुखवट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्येच हायती. मान बघा की." मी सांगितलं की मी आता सगळं मराठीत लिहून काढणार आहे, इथल्या लोकांसाठी, त्यांच्या नावासकट. त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

"नाव कशाला आता? लिवायचं तवा लिवलं न्हाई तुमी."

"त्यांनी सांगितलं होतं तुम्हाला?"

"त्ये काय सांगत्यात. राजीनामा दिला त्या दिशी घरी येऊन येवडंच म्हनले, साहेबांचं घड्याळ बंद पडलं आसंल." मग त्यांनी सूप खाली ठेवलं. "च्या घेनार का?"

म्हणून इथे नाव नाही. त्यांचं नाही, म्हणून माझंही नाही, कोणाचंच नाही. चहा मी घेतला. मी पुस्तक त्यांच्याकडे ठेवत होतो, त्या नको म्हणाल्या, घरात मुखवट्याशिवायचे फोटो आहेत.

खिशातला कागद तसाच परत आला. चार घड्यांवर फाटत आलाय. त्यावर जे आहे ते इथे उतरवून ठेवतो. ते ज्यांना ऐकवायचं होतं त्यांना आता ते ऐकू जाणार नाही, हे मला समजतं.

तुम्ही मला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी सांगितलं होतं, शीट लागली तेव्हाही सांगितलं होतं. घड्याळ चालू होतं. मी नाही म्हणालो ते खोटं होतं, आणि तुम्ही दाराशी उभे असताना, मला माहीत असताना म्हणालो. मला माफ करा, दादा.